साळवे मॅडमना न कळलेलं

साळवे मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य असं होतं: "मला कळंना झालंय, तुम्ही बघता का जरा?"

चिकलठाण्याच्या त्या कंपनीत तो माझा पहिला दिवस होता. वडिलांच्या आजारपणामुळे पुण्याची नोकरी सोडून मी घरी परतलो होतो, आणि पुण्यात सहा वर्षं काढल्याचा थोडा तोरा अंगात होता. आमचे मालक बोराडे साहेब मला एका लांबट खोलीत घेऊन गेले. खिडकीजवळच्या टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. चपला टेबलाखाली काढलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि नाक पडद्याला लागेल इतक्या पुढं वाकलेल्या. "ह्या साळवे मॅडम. आपल्याकडचं सगळं सॉफ्टवेअर ह्यांना पाठ आहे," साहेब म्हणाले. मॅडमनी मान वळवली, मला एकदा नीट पाहून घेतलं आणि ते वाक्य म्हणाल्या.

मला वाटलं, नव्या माणसाची परीक्षा चाललीय. मी पडद्यावरचा मजकूर वरवर वाचला आणि दोन मिनिटांत उत्तर सांगून टाकलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. उत्तर साफ चुकीचं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी उमगलं, तेही माझं मलाच. मी ओशाळून त्यांना सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "व्हय का? तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात ना सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. तीन दिवस तेच तपासत बसले."

हा टोमणा होता की त्या मनापासून बोलत होत्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांच्याबद्दलच्या बऱ्याच गोष्टी मला ठरवता आलेल्या नाहीत. सहा वर्षं मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असून त्या मला शेवटपर्यंत 'सर' म्हणत राहिल्या. एकदा मी हात जोडून सांगितलं की मॅडम, मला नितीन म्हणा. "बरं," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, "नितीन सर, चहा आला का?"

आमची कंपनी कारखान्यांसाठी तपासणी यंत्रं बनवायची. रबरी नळीत हवा भरायची, थोडा वेळ थांबायचं, दाब उतरला तर नळी गळकी म्हणून बाजूला टाकायची, असली कामं. यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक असे आणि त्याचा प्रोग्राम आम्ही लिहीत असू. प्रोग्रामची भाषा जगभर चालणारीच होती. पण ती भाषा चालवणारी नेहमीची यंत्रणा त्या इवल्याशा संगणकात मावत नसे. म्हणून साहेबांच्या एका मित्रानं परदेशी जाण्याआधी त्याच भाषेसाठी एक आटोपशीर यंत्रणा स्वतः लिहून दिली होती. ऑफिसात नेहमीच्या यंत्रणेला 'थोरली' म्हणत आणि ह्या घरच्या यंत्रणेला 'धाकटी'. थोरलीवर सुरळीत चालणारा प्रोग्राम धाकटीवर कधी चाले, कधी मध्येच बसकण मारी. का, ते सांगू शकणारा माणूस परदेशात होता आणि मेलला उत्तर देत नव्हता. उरल्या साळवे मॅडम.

त्या कंपनीत आल्या होत्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून. शिक्षण कॉमर्सचं. स्टोअरचा साठा कॉम्प्युटरवर चढवता चढवता त्यांना कॉम्प्युटरची गोडी लागली, आणि साहेबांचे ते मित्र धाकटी लिहीत होते तेव्हा ह्या दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसत. मित्राला शेजारी कोणी बसलेलं आवडायचं नाही म्हणे. पण ह्या काही बोलतच नसत, नुसत्या बघत. तीन-चार महिन्यांनी एके दिवशी त्यांनी विचारलं, "इथं तुम्ही एक कमी मोजलाय का?" आणि तो खरोखर एक कमी मोजलेला निघाला. ही गोष्ट मला साहेबांनी सांगितली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "असंल. मला आठवंना."

राहायला त्या उस्मानपुऱ्यात, आईबरोबर. मोठा भाऊ गावाकडे, देवगाव रंगारीला. लग्न केलं नव्हतं. एप्रिलातल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हमखास उशिरा येत, रात्रभर मिरवणुकीत चाललेले पाय सुजलेले असत, आणि त्या दिवशी चपला घालतच नसत. डब्यात बहुधा ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. डबा उघडला की आधी आजूबाजूच्यांना विचारत आणि नको म्हटलं तरी एक तुकडा आपल्या झाकणात येऊन पडे.

पण त्यांची आठवण म्हटली की मला आधी त्यांचं वाचणं आठवतं.

प्रोग्राम कोसळला की यंत्रणा पडद्यावर एक यादी छापते. कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीनं कोणाला हाक मारली, त्यानं पुढं कोणाला मारली, असं करत करत जिथं मोडलं तिथपर्यंत. ह्याला आम्ही स्टॅक ट्रेस म्हणतो. माझ्यासारखी माणसं शेवटचं नाव वाचतात आणि तिकडं धावतात. मॅडम सगळी यादी मोठ्यानं वाचत. वाचण्याआधी डोक्यावरचा पंखा बंद करत, मग मे महिना का असेना. "पंख्याच्या आवाजात मला वाचाया होत नाय," म्हणत. आम्ही बाकीचे घाम पुसत बसायचो आणि त्यांचं बोट पडद्यावरून खाली सरकत जायचं. "ह्यानं ह्याला बोलावलं. व्हय. ह्यानं ह्याला. व्हय. आता ह्यानं ह्याला का बोलावलं? ह्याचं काय काम इथं?" ह्या 'काय काम'पाशी सगळं थांबायचं. कधी पाच मिनिटं, कधी आठवडा.

ही पद्धत कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं.

"स्टोअरला," त्या म्हणाल्या. "बेअरिंग हरवलं की ज्याच्या हातात शेवटी होतं त्याला लोक धरायचे. तो म्हणायचा, मला तर रिकामाच खोका दिला. मग खोका कोणी दिला, त्याला कोणी दिला, असं मागं मागं जायचं. शेवटचा माणूस लई वेळा बिचारा असतो, सर."

मी हसलो होतो. ते वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

मोठा प्रोग्राम एकाच फाईलमध्ये नसतो. कामाप्रमाणे त्याचे भाग पाडलेले असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. झडपेचं एक, दाबाचं एक, चिठ्ठी छापायचं एक. प्रोग्राम नाव घेऊन पॅकेज मागतो आणि यंत्रणा ते शोधून आणते. एकदा एका कारखान्यातल्या यंत्रावर छापून येणाऱ्या चिठ्ठीवर भलत्याच कारखान्याचं नाव यायला लागलं. तेही त्यांच्या थेट स्पर्धकाचं. साहेब घायकुतीला आले. मी छपाईचं पॅकेज दोन दिवस उलटंपालटं केलं, त्यात काही सापडेना. माझ्या टेबलावर, थोरलीवर, सगळं बरोबर छापलं जात होतं.

तिसऱ्या दिवशी मॅडम दुपारी घरी गेल्या होत्या. आईच्या औषधाचं पार्सल आलं नाही म्हणून. आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, त्या यंत्रात दोन छपाई हायेत का?"

"म्हणजे?"

"आमच्या गल्लीत दोन सुशीला साळवे हायेत. एक माझी आई, दुसऱ्या कोपऱ्यावरच्या. नवा कुरियरवाला उजवीकडून शिरतो. त्याला पहिलं नाव दिसलं की दिलं पार्सल. जुना डावीकडून यायचा."

यंत्रात खरोखर दोन छपाई होत्या. एक जुनी, दुसऱ्या कारखान्यासाठी बनवलेली, कोणीतरी एका फोल्डरात विसरलेली. थोरली त्या फोल्डरात सगळ्यात शेवटी बघायची, धाकटी सगळ्यात आधी. जुनी काढून टाकली, चिठ्ठी सुधारली. मी खूश झालो. मॅडम मात्र पुढं कितीतरी दिवस मधूनच म्हणत, "पण साहेबांच्या मित्रांनी उजवीकडून का सुरुवात केली असंल? कायतरी कारण असंल ना." मी म्हणायचो, मॅडम, झालं ना काम. त्या म्हणायच्या, "काम झालं व्हय. पण मला कळलं नाय."

ग्राहकांसमोरही त्या असंच बोलत. जालना रोडवरच्या एका मोठ्या कारखान्याची माणसं आली असताना, साहेब घाम पुसत "आमचा पूर्ण कंट्रोल आहे" असं सांगत असताना, ह्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मला तर अजून काय बी कळंना. यंत्र दोन दिवस आमच्याकडं ठेवा." मीटिंग संपल्यावर साहेबांनी डोकं धरलं. त्या माणसांनी पुढचं कामही आम्हालाच दिलं. मॅडमच्या बोलण्यामुळं की बोलण्याला न जुमानता, कोण जाणे.

आता रफीकभाईंबद्दल सांगायला हवं.

रफीकभाई आमच्याकडचे जुने फिटर. पाने-पक्कड घेऊन वीस वर्षं यंत्रं जोडली त्यांनी. कोणत्या यंत्राची झडप सकाळी कुरकुरते आणि कोणत्याची दुपारी, हे ते कान लावून सांगत. त्यांना प्रोग्राम लिहायला मॅडमनी शिकवलं. दोघं जेवणाच्या सुट्टीत बसायचे. रफीकभाई आपल्या फाईलमध्ये टिपणं लिहायचे, स्वतःच्या बोलीत. प्रोग्राममधली टिपणं ही माणसांसाठी असतात, यंत्र ती वगळून पुढं जातं. त्यामुळं ती कुठल्याही भाषेत चालतात. काही वर्षांत ते फिटर विभागातून आमच्या खोलीत आले. दारावरच्या पाटीत त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी घरून शीरखुर्मा आणला होता, ईद नसताना.

मी आल्यापासूनच्या चौथ्या उन्हाळ्यात त्यांनी तापमानाचं पॅकेज लिहिलं. उन्हानं नळीतली हवा तापते, दाब वाढतो, त्याचा हिशेब धरणारं. चांगलं काम होतं. चिकलठाण्यातल्याच एका कारखान्यातल्या पाच यंत्रांवर ते चढवलं. पंधरा दिवसांनी तिथून फोन आला. पाचांपैकी एक यंत्र रोज सकाळी पहिल्याच नळीला बंद पडतं. आणि त्याच यंत्रानं काही गळक्या नळ्या चांगल्या म्हणून पुढं सोडल्यात.

ही दुसरी गोष्ट गंभीर होती. त्या नळ्या गॅसच्या होत्या.

मॅडम रजेवर होत्या. भावजयीचं ऑपरेशन होतं म्हणून देवगावला गेलेल्या. कारखान्यात मी गेलो. यंत्र चालू केलं, ते बंद पडलं, यादी छापली गेली. शेवटचं नाव: तापमान, ओळ एकशे सेहेचाळीस. मी ऑफिसात येऊन ती ओळ उघडली. तिथं रफीकभाईंचं टिपण होतं: 'यहाँ से ठंडा होने तक रुकना.' टिपण मोडू शकत नाही हे मला कळत होतं. पण धाकटी एखाददुसरी ओळ इकडंतिकडं दाखवते हे आम्ही सगळेच धरून चालत होतो. मी अहवाल लिहिला. कारण: तापमान पॅकेज, ओळ १४६ च्या आसपास. लेखक: रफीक पठाण.

साहेबांनी त्यांना बोलावलं. मी तिथंच होतो. साहेब चढ्या आवाजात बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाई, काही दिवस तुम्ही खाली फिटिंगलाच बघा. ग्राहकाला सांगावं लागतंय ना." रफीकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "नितीनभाई, तुम देखे ना?" मी हो म्हणालो. "फिर सही होंगा," म्हणाले आणि टेबलावरचा चष्मा उचलून खाली गेले.

मी ते पॅकेज यंत्रावर बंद ठेवायचा बदल करून पाठवला. दुसऱ्या सकाळी यंत्र पुन्हा बंद पडलं. तेच नाव, तीच ओळ. मला काही उलगडेना. मी स्वतःला सांगितलं की बदल नीट चढला नसेल.

सहाव्या दिवशी मॅडम आल्या. माझा अहवाल त्यांनी पंखा बंद करून वाचला.

"सर, एकशे सेहेचाळीसावर तर टिपण हाय."

"धाकटी एक-दोन ओळी पुढंमागं दाखवते ना, मॅडम."

"एक का दोन?"

मी अहवाल पुन्हा हातात घेतला.

"पुढं का मागं?"

"ते… तसं काही ठरलेलं नाही."

"मग आसपास कसं लिहिलं तुम्ही?" हेही त्या रागानं बोलल्या नाहीत. खरंच विचारत होत्या. माझ्याकडं काहीतरी माहिती असेल आणि त्यांना ती नाही, अशा सुरात.

आम्ही दोघं त्या कारखान्यात गेलो. तिथल्या पाळीचे सुपरवायझर गायकवाड वैतागलेले होते. मॅडमनी यंत्र उघडायला सांगितलं, आपला लॅपटॉप जोडला आणि रफीकभाईंची फाईल यंत्रातून पुसूनच टाकली. बंद केली नाही, पुसली. मग गायकवाडांना आणि मला जवळ बोलावून रिकामी जागा दाखवली. "बघा, नाय ना? तुम्ही बी बघा, सर." यंत्र चालू केलं. नळी लावली. यंत्र बंद पडलं. यादी आली. शेवटचं नाव: तापमान, ओळ एकशे सेहेचाळीस.

गायकवाड म्हणाले, "आता हे काय?"

मॅडमनी यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "जी फाईल इथं नायच, ती चुकली कशी?"

मला त्या वेळी जे झालं त्याला लाज म्हणावी की गोंधळ, कळत नाही. पुण्यापासून शिकत आलो ते सगळं ह्या यादीवर उभं होतं. यादी जे नाव सांगते तिथं चूक असते. यादीच भलतं नाव सांगत असेल तर उभं कुठं राहायचं? मॅडमना मात्र बरं वाटलेलं दिसत होतं. "आता आपल्याला खरंच कळंना," त्या म्हणाल्या. "आधी नुसतं वाटत होतं की कळलंय."

पुढचे चार दिवस त्या धाकटीचं पोट उघडून बसल्या. पाचव्या दिवशी मला समोर बसवून कागदावर दाखवलं. धाकटी सुरू होताना वेळ वाचावा म्हणून सगळी पॅकेजं एकदाच बांधून एका गठ्ठ्यात ठेवते. गठ्ठ्यात नावं नसतात, नुसते क्रमांक. नावांची यादी वेगळी. गठ्ठ्यात काही बिनसलं तर धाकटी कोणाला न सांगता यंत्राच्या पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेला जुना गठ्ठा उघडते. नावांची यादी मात्र नवीच वापरते. ह्या यंत्रात तसं झालं होतं. चालत होता जुना गठ्ठा, त्यातलं सातव्या क्रमांकाचं पॅकेज मोडत होतं, आणि नव्या यादीत सातव्या क्रमांकावर नाव होतं तापमान; फाईल पुसली तरी यादीतलं नाव तसंच राहतं.

"मग जुन्या यादीत सातवं कोण होतं?" मी विचारलं.

त्यांनी कपाटातून जुन्या पहिल्या आवृत्तीची प्रत काढली होती. सातवं पॅकेज झडपेचं होतं. एकशे सेहेचाळीसावी ओळ झडप मिटायची वाट बघण्याची. ठरलेले आकडे मोजायचे आणि झडप मिटली असं समजून पुढं जायचं. सकाळी झडप जड असे, तेवढ्यात मिटत नसे, हवा आत येतच राही, आणि कधी यंत्र अडे, कधी गळकी नळी पास होई.

"ही ओळ माझी हाय," मॅडम म्हणाल्या. "शिकत होते तवाची. मागंच दुरुस्त केली होती मी. पण जुन्या गठ्ठ्यात तशीच राहिली."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दुरुस्ती त्यांनी दोन दिवसांत केली. गठ्ठ्यातच नावं ठेवली, म्हणजे पडद्यावरची यादी खोटं बोलणार नाही, आणि राखीव गठ्ठा उघडण्याची वाट बंद केली. सोडलेल्या सगळ्या नळ्या कारखान्यानं परत मागवून तपासल्या, कोणाला इजा झाली नव्हती. मग मॅडमनी हातानं अहवाल लिहिला. रफीक पठाण यांच्या पॅकेजचा ह्या बिघाडाशी संबंध नाही. चुकलेली ओळ प्रज्ञा साळवे यांची. पाच यंत्रांपैकी ह्या एकाच यंत्रात जुना गठ्ठा का उघडला गेला, ते कळलेले नाही.

साहेबांनी तो वाचला. "मॅडम, शेवटचं वाक्य काढा. दुरुस्त झालंय ना?"

"व्हय."

"मग?"

"दुरुस्त झालंय साहेब, पण का बिघडलं ते नाय कळलं. चार यंत्रं तशीच हायेत, तिथं नाय झालं. हे मी कळलं म्हणून कसं लिहू?"

अर्धा तास चाललं ते. साहेबांनी समजावलं, मी समजावलं. त्या ऐकून घेत आणि पुन्हा तेच म्हणत. शेवटी साहेबांनी त्या वाक्याखालीच सही केली. तिकडं गायकवाडांनी ते वाक्य वाचलं आणि त्या यंत्रावर रोज सकाळच्या पहिल्या पाच नळ्या हातानं तपासायला माणूस लावला. वर्षभर तो माणूस तपासत होता. पुन्हा काही झालं नाही. म्हणजे तपासणीची गरज नव्हती, की दुरुस्ती पक्की होती, की नुसतंच नशीब, ह्यावर मी आणि मॅडम कितीदा तरी बोललो असू.

रफीकभाई परत आमच्या खोलीत आले. सगळं सुरळीत झालं असं मी धरून चाललो. आठवड्याभरानं मॅडमनी चहा पिता पिता विचारलं, "सर, तुम्ही रफीकभाईंशी बोललात का?"

"दुरुस्तीचा अहवाल गेला ना, मॅडम."

"अहवाल तर मीच लिहिला. तुम्ही बोललात का?"

मी त्याच संध्याकाळी रफीकभाईंना फाटकाशी गाठलं. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. भाई, माझं चुकलं, एवढंच म्हणालो. ते स्कूटरला किक मारायचे थांबले.

"तुम क्या करते? कागज पे मेरा नाम था, तुम नाम लिख दिये. मैं रहता तो मैं भी वोइच लिखता." मग जरा थांबून म्हणाले, "खाली एक बात है. छे दिन, मॅडम आने तक, मेरेकू भी लगा के गलती मेरीच है. रोज घर जाके वो लाइन पढता था. टिपण में गलती ढूंड रहा था मैं."

मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी साहेबांनी नवे संगणक घेतले. त्यांत थोरली थेट मावत होती. धाकटीची गरज संपली. मॅडमनी एक एक यंत्र थोरलीवर आणलं, एकाही ठिकाणी अडू दिलं नाही, आणि शेवटचं यंत्र झाल्यावर राजीनामा दिला. निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

साहेबांना त्यांनी सांगितलं की डोळे साथ देत नाहीत. रफीकभाईंना सांगितलं की आईला गावाकडं राहायचंय आणि भावाला एकट्याला होत नाही. साहेब, रफीकभाई आणि मी अशा आम्ही तिघांनी ही माहिती ताडून पाहिली आणि चक्रावलो. साहेबांचं वेगळंच मत होतं. त्यांना वाटत होतं की त्या गॅसच्या नळ्यांचं मॅडमनी मनाला लावून घेतलं. मला वाटायचं, धाकटी गेली म्हणून. निरोपाच्या दिवशी मी सरळ विचारलं. त्या टेबलाखालच्या चपला पायात सरकवत होत्या. "लई विचार केला, सर," म्हणाल्या, "नीट सांगता येईना." आणि मला थोरलीतल्या एका बारीकशा गोष्टीबद्दल विचारत बसल्या, जणू उद्या पुन्हा यायचंच आहे.

गेल्या हिवाळ्यात मी कामानिमित्त कन्नडकडं निघालो होतो. देवगाव रंगारीला चहासाठी गाडी थांबवली, तर बसथांब्याच्या सावलीत मॅडम. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर घेतलेला. मी हाक मारली तर क्षणभर ओळखच लागली नाही त्यांना, मग चेहरा फुलला. "सर, तुम्ही इकडं कसं काय?"

आम्ही टपरीवर चहा घेतला. आई बरी होती. भावाच्या नातीला त्या गणित शिकवत होत्या. "तिला जे येत नाय ते मला बी येईना. दोघी बसतो," म्हणाल्या. रफीकभाई निवृत्त झाल्याचं मी सांगितलं, ते त्यांना माहीत होतं. त्याही कन्नडलाच निघाल्या होत्या, म्हणून मी गाडीनं सोडतो म्हणालो. नको, बस येईलच, म्हणाल्या.

मग मी पुन्हा विचारलं. एवढं सगळं येत असताना नोकरी का सोडली. इतक्या दिवसांनी तरी सांगा, म्हणालो, आणि साहेबांचा नळ्यांबद्दलचा अंदाजही सांगून टाकला.

त्या रस्त्याकडं बघू लागल्या. टाळत नव्हत्या, शोधत होत्या. "डोळ्यांचं खरं होतं," त्या म्हणाल्या. "आईचं बी खरंच होतं. साहेब म्हणतात ते बी काय खोटं नाय. सकाळी उठले की त्या नळ्याच आठवायच्या मला. पण ह्यातलं एकेक काढून टाकलं ना सर, तरी मी सोडलीच असती वाटतं. म्हणजे कारण कायतरी दुसरंच हाय. ते मला अजून सापडंना."

तेवढ्यात बस आली. त्या घाईनं चढल्या. बसायला जागा नव्हती. मी खाली उभा राहून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कंडक्टरनं तिकीट दिलं होतं, आणि त्या एका हातानं वरची दांडी धरून, चष्मा कपाळावर सारून, ते तिकीट डोळ्यांशी नेऊन वाचत होत्या. एक बाजू वाचली, मग दुसरी. मग त्यांनी कंडक्टरला काहीतरी विचारलं. त्यानं वैतागून मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, तिकिटावर बोट ठेवून. बस हलली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. मागच्या काचेतून शेवटचं दिसलं ते एवढंच, की आता कंडक्टरही वाकून ते तिकीट वाचत होता.